काय बंद केलंत ते कळलं, सुरू काय केलंत?

प्रश्न : माझ्या यजमानांचं वय ५२. तीन महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट ॲटॅक आला, ॲन्जिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. घरी आल्या दिवसापासून मी त्यांचं जेवण वेगळं करते. तेल पूर्ण बंद, अंडी बंद, दूध-दही-लोणी-चीज बंद, बदाम-अक्रोड बंद. भाज्या नुसत्या उकडून देते. सकाळी अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना पालेभाज्या चालत नाहीत असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून त्याही थांबवल्या. परवा रिपोर्ट आला. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८ वरून ७१ वर आलंय, पण ट्रायग्लिसराइड्स १६० होते ते २३६ झालेत. एवढं कडक पथ्य पाळून हे कसं काय? ह्यांची चिडचिड फार वाढलीये. "यापेक्षा हॉस्पिटलचं जेवण बरं होतं," म्हणतात. मोठे दीर म्हणतात, एलडीएल उतरलं ना, मग आता गोळ्या बंद करून पथ्यावरच राहायचं. सिगारेटचं आधी पाकीट संपायचं, आता दिवसाला दोनच ओढतात. अंडं द्यावं का? तेल कुठलं वापरावं? दोन-दोन स्वयंपाक किती दिवस करायचे? आणखी एक, विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारते. माझे सासरेही चोपन्नाव्या वर्षी ह्याच दुखण्याने गेले हे खरं, पण गेली पंचवीस वर्षं हे माझ्याच हातचं जेवतायत. माझ्या स्वयंपाकामुळे झालं का हे?

उत्तर :

ताई, पत्रासोबत तुम्ही यजमानांच्या एका दिवसाच्या खाण्याची यादी जोडलीत, हे फार बरं केलंत. पत्रात काय-काय बंद केलं ते सगळं आहे. सुरू काय झालं ते मात्र यादी वाचल्यावर कळलं. सकाळी लसूण. मग साखरेचा चहा आणि चार डायजेस्टिव्ह बिस्किटं. नाश्त्याला पांढऱ्या पावाचे तीन टोस्ट, आणि लोणी बंद म्हणून त्यावर जॅम. अकरा वाजता फळांच्या रसाचा मोठा ग्लास. दुपारी भात, उकडलेले बटाटे आणि गाजर, घशाखाली उतरावं म्हणून बाजूला लोणचं. संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किटं. रात्री हलकं म्हणून पाकिटातलं सूप आणि पुन्हा पाव.

या ताटात चांगली चरबी औषधालाही उरलेली नाही. उरलाय तो मैदा, साखर, भात आणि मीठ. पोट काही रिकामं राहत नाही. तेल-अंडी-दही-बदाम काढल्यावर जी जागा झाली, ती बिस्किटांनी आणि जॅमने भरून काढली. यजमानांचे ट्रायग्लिसराइड्स का वाढले, याचं उत्तर बहुतेक इथेच आहे.

ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी. ती खाल्लेल्या तेलातूनच येते असं वाटणं साहजिक आहे, पण यकृत ती स्वतःही बनवतं आणि त्यासाठी त्याला साखर आणि मैद्यासारखा चटकन पचणारा पिष्टमय पदार्थ पुरतो. गरजेपेक्षा जास्त साखर आली की यकृत तिची चरबी करून रक्तात सोडतं. जेवणातली चरबी फार कमी करून त्या जागी पाव-भात-साखर वाढवली की ट्रायग्लिसराइड्स चढतात आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं, हे अनेक प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. फळांचा रस तुम्ही चांगल्या हेतूने देताय, पण तीन-चार फळांची साखर एका ग्लासात उतरते आणि चोथा मागे राहतो. तेच फळ चावून खाल्लं तर एकातच माणसाचं समाधान होतं. तेवढं आजपासून बदला. (रक्त उपाशीपोटी दिलं होतं ना, हेही एकदा बघा. खाऊन गेलं तरी हा आकडा फुगतो. आणि शुगर व एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) केलं नसेल तर पुढच्या वेळी करून घ्या, कारण चढलेले ट्रायग्लिसराइड्स बऱ्याचदा मधुमेहाच्या आगेमागे असतात.)

हृदयाच्या आहाराबद्दल गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे संशोधन झालं, त्यातून मला एकच गोष्ट सगळ्यात कामाची वाटते. एखादा पदार्थ काढला याला एकट्याला फारसा अर्थ नसतो. त्याच्या जागी काय आलं त्यावर सगळं ठरतं. लोणी काढून त्या जागी सूर्यफूल, सोयाबीन किंवा ऑलिव्हसारखं तेल आलं तर एलडीएल उतरतं आणि हृदयविकाराचा धोकाही कमी होतो. तेच लोणी काढून जॅम आणि पांढरा पाव आला, तर एका हाताने कमावलेलं दुसऱ्या हाताने जातं.

यजमानांसारख्याच माणसांवर झालेला एक अभ्यास सांगते. स्पेनमधल्या कॉर्दोबा शहरात हृदयविकार झालेल्या १००२ रुग्णांचे दोन गट केले. एकाला कमी चरबीचं जेवण, दुसऱ्याला भूमध्य सागरी पद्धतीचं, म्हणजे भरपूर भाज्या, कडधान्यं, मासे, सुकामेवा आणि चक्क भरपूर ऑलिव्ह तेल. सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पुन्हा ॲटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू अशा गोष्टी कमी चरबीवाल्या गटात १११ जणांच्या बाबतीत घडल्या, तेल खाणाऱ्या गटात ८७ जणांच्या. हा अभ्यास २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. लक्षात घ्या, कमी चरबीवाला गटही काही अरबट-चरबट खात नव्हता, त्यांनाही आहारतज्ज्ञ होतेच. तरीही तेल आणि सुकामेवा खाणारे पुढे राहिले. तुम्ही जे दोन पदार्थ सगळ्यात आधी हद्दपार केलेत, नेमके तेच.

आता दिरांचा सल्ला. तो ऐकू नका. मोठे आहेत, काळजीपोटी बोलले असतील, पण या एका बाबतीत अजिबात नाही.

एलडीएल १४८ वरून ७१ वर आलं ते मुख्यतः गोळीमुळे. पूर्ण डोसातली स्टॅटिनची गोळी एलडीएल निम्म्यापर्यंत खाली आणते. घरच्या घरी पाळलेलं चांगलं पथ्य साधारण दहा-पंधरा टक्के उतरवतं, फार काटेकोर पाळलं तर त्याहून थोडं जास्त. गोळी थांबवली की काही आठवड्यांत आकडा होता तिथे परत जातो. शिवाय ७१ ही काही शेवटची पायरी नव्हे. एकदा ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली असावं, असं युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची संस्था २०१९ पासून सांगतेय. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना "गोळी कधी बंद करायची" असं न विचारता "७१ पुरेसं आहे का, अजून खाली आणायचं का" असं विचारा. स्टेंटसाठी दिलेल्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांबद्दल तर प्रश्नच नाही. त्या परस्पर थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि ते जिवावर बेततं.

मग पथ्याचा उपयोग काय, असं यजमान विचारतील. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून रक्तातून आत ओढून घेणारे रेणू असतात. ते ज्यांनी शोधले, त्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या दोघांना १९८५ साली नोबेल मिळालं. लोणी, चीज, मांसाची चरबी, खोबरेल आणि पाम तेल यांतली संपृक्त चरबी या रेणूंचं काम मंदावते. स्टॅटिनमुळे त्यांची संख्या वाढते. म्हणजे गोळी आणि ताट एकाच ठिकाणी काम करतात, आणि ताट उलट्या दिशेने ओढत असेल तर गोळीची ताकद त्यातच खर्च होते. त्यापलीकडे रक्तदाब, साखर, वजन या गोष्टी एलडीएलच्या गोळीने सुधारत नाहीत, त्यांना ताटाची मदत लागते.

आता सिगारेट. पत्रात ती एका ओळीत येऊन गेली आणि पथ्याला चार ओळी मिळाल्या, म्हणून जरा स्पष्ट बोलते. पाकिटावरून दोनवर आले ही मोठी गोष्ट आहे, त्यांचं कौतुकच आहे. पण हृदयाच्या बाबतीत हा हिशेब सरळ चालत नाही. वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जितका धोका वाढतो, त्याच्या साधारण निम्मा धोका रोजच्या एकाच सिगारेटने उरतो, असं २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलं. ॲटॅकनंतर सिगारेट पूर्ण सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत, एक तृतीयांशाच्या आसपास कमी होतो. मी आहारतज्ज्ञ आहे, तरीही सांगते : माझ्या सदरातल्या कुठल्याही पदार्थाने एवढा फरक पडत नाही. त्या दोन सिगारेटी सोडण्यासाठी निकोटीनचा डिंक, पट्टी किंवा गोळ्या घ्यायला त्यांना कमीपणा वाटू देऊ नका. फक्त हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि हे काम तुमच्या पाळतीवर सोपवू नका, त्यांचं त्यांना ठरवू द्या.

आता अंड्याचं. अंड्याची बदनामी ससे करून गेले म्हटलं तरी चालेल. १९१३ साली रशियात अनिच्कोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर जमले. शोध मोठाच होता, पण ससा शुद्ध शाकाहारी प्राणी. बाहेरून येणाऱ्या कोलेस्टेरॉलची त्याच्या शरीराला सवयच नाही. माणसाच्या शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवतं, आणि खाण्यातून जास्त आलं की बरेच जण आतलं उत्पादन कमी करतात. एका अंड्याच्या बलकात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, पण संपृक्त चरबी जेमतेम दीड ग्रॅम. रक्तातलं एलडीएल या दुसऱ्या गोष्टीने जास्त हलतं. अमेरिकेच्या सरकारी आहारसूचनांमध्ये रोज ३०० मिलिग्रॅमहून जास्त कोलेस्टेरॉल नको अशी मर्यादा बरीच वर्षं होती, ती २०१५ सालच्या सूचनांतून गेली.

म्हणून यजमानांना आठवड्यातून तीन-चार पूर्ण अंडी खुशाल द्या. पांढऱ्याला तर बंधनच नाही. त्याहून पुढे जाऊन रोज दोन-तीन अख्खी अंडी मात्र मी ॲटॅक झालेल्या माणसाला सुचवणार नाही, कारण काही जणांचं एलडीएल अंड्याने इतरांपेक्षा जास्त चढतं आणि तुमचे यजमान त्यांतले आहेत की नाहीत हे आपल्याला माहीत नाही. अंडं ज्या लोण्यात तळलं जातं आणि ज्या सॉसेजसोबत ताटात येतं, त्याची चौकशी अंड्याच्या आधी करा. हॅम, सॉसेज, सलामी असलं मीठ लावून टिकवलेलं मांस त्यांच्या ताटात मुळीच नको. दोन जेवणांतली प्रथिनं पुरवायला कडधान्यं, डाळी, सोयाबीन, मासे, कातडी काढलेलं चिकन आहेच.

तेलाबद्दल दुकानातल्या बाटल्या जे सांगतात ते विसरा. "कोलेस्टेरॉलविरहित" हे शब्द कुठल्याही वनस्पती तेलावर छापता येतात, कारण कोलेस्टेरॉल प्राण्यांत असतं, झाडापासून काढलेल्या तेलात ते मोजण्याइतकं नसतंच. बघायचं ते संपृक्त चरबीचं प्रमाण. खोबरेलात ते ऐंशी टक्क्यांच्या वर, पाम तेलात आणि लोण्यात निम्म्याच्या आसपास. शेंगदाणा, सोयाबीन, ऑलिव्ह या तेलांत १४ ते १७ टक्क्यांच्या दरम्यान, सूर्यफुलात दहा-अकरा, कॅनोलात सात. खाली राहणाऱ्यांपैकी तुमच्या घरच्यांच्या जिभेला जे रुचतं ते घ्या, हवं तर दोन आलटून पालटून वापरा. महागडी बाटली आणलीच पाहिजे असं काही नाही. माणशी दिवसाला चहाचे चार-पाच चमचे तेल पुरे, त्यात फोडणी, परतणं, सॅलड सगळं आलं. खोबरेल "नैसर्गिक" म्हणून त्याचा खूप गवगवा झाला, पण एलडीएल वाढवण्यात ते लोण्याच्या खालोखाल आहे. चवीसाठी कधीतरी वापरलं तर बिघडत नाही, रोजचं तेल म्हणून नको.

तेलाबाबत खरी करडी नजर ठेवायची ती ट्रान्स फॅटवर. द्रवरूप तेलात हायड्रोजन सोडून त्याला घट्ट केलं की ही चरबी तयार होते. बिस्किटं, पफ, केक खुसखुशीत आणि टिकाऊ व्हावेत म्हणून ती वापरत. ती एलडीएल वाढवते आणि एचडीएल उतरवते, म्हणजे दोन्हीकडून मारते. डेन्मार्कने २००३ साली कायद्याने तिला जवळपास हद्दपार केलं, मग बरेच देश त्या वाटेने गेले, पण सगळीकडे ती संपलेली नाही. पाकिटामागच्या बारीक अक्षरांत "अंशतः हायड्रोजनीकृत" असं काही दिसलं तर ते पाकीट ठेवून द्या. तुमच्या डायजेस्टिव्ह बिस्किटांचं पाकीटही एकदा उलटून बघा. नावात पचन आहे, आत बहुधा मैदा, साखर आणि पाम तेल निघेल.

बदाम-अक्रोड परत सुरू करा, मूठभर, रोज. साधारण तीस ग्रॅम, आणि खारवलेले नकोत. चार वाजताच्या चहाबरोबर बिस्किटांच्या जागी ते आले की एका बदलात दोन कामं होतात. ते वरून भर म्हणून खाल्ले तर वजन वाढेल, म्हणून बिस्किटं जायलाच हवीत.

दूध-दही-चीजची तुम्ही एकच मोळी बांधलीत, ती सोडा. लोणी आणि क्रीम वेगळं, दही वेगळं. बिनसाखरेचं दही आणि कमी साईचं दूध यांनी हृदयाला त्रास होतो असा काही पुरावा नाही. चीजमध्ये संपृक्त चरबी भरपूर असूनही ते त्याच प्रमाणातल्या लोण्याइतकं एलडीएल चढवत नाही, हे जरा आश्चर्याचं आहे, पण त्यातलं मीठ विसरू नका.

मिठाचा विषय निघालाच आहे तर तुमच्या रात्रीच्या सुपाकडे वळते. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. जगभरात सरासरी माणूस याच्या दुप्पट खातो. पाकिटातल्या सुपाच्या एका वाडग्यात यातला तिसरा हिस्सा सहज निघतो. पाकिटावर बऱ्याचदा मीठ न लिहिता सोडियम लिहितात, त्याला अडीचने गुणा म्हणजे मीठ मिळेल. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. त्यात पावाचं मीठ, लोणच्याचं मीठ. तुम्ही भाजी अळणी शिजवलीत खरी, पण मीठ मागच्या दाराने आत आलं. आणि ते येणारच होतं! तेल नाही, मसाला नाही, मीठ नाही, अशा भाजीवर माणूस लोणचं घेणारच.

याचा उपाय भाजी चवीची करणं हा आहे. थोड्या तेलात कांदा, आलं, लसूण नीट परता, मिरपूड, जिरं, लिंबू, ताज्या पानांचा हात सैल सोडा, मीठ नेहमीच्या निम्मं आणि शेवटी घाला. जीभ तीन-चार आठवड्यांत कमी मिठाला सरावते. सूप हवंच असेल तर घरी डाळीचं करा. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. चीनमधल्या ६०० गावांत झालेल्या मोठ्या अभ्यासात, २०२१ सालच्या, अशा मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. पण ते मनाने आणू नका. ॲटॅकनंतर रक्तदाबाच्या ज्या गोळ्या देतात, त्यांतल्या काही, उदाहरणार्थ रॅमिप्रिल, शरीरात पोटॅशियम साठवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका आणखी. डॉक्टरांनी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम बघून हो म्हटलं तरच.

पालेभाज्यांवर सासूबाईंनी आणलेली बंदी उठवा. त्यांनी ऐकलंय ते चुकीचं नाही, फक्त औषध वेगळं आहे. वॉरफरिन नावाची गोळी चालू असेल, बहुधा कृत्रिम झडप बसवलेल्या लोकांना असते, तर पालेभाज्यांतलं 'के' जीवनसत्त्व तिचा परिणाम कमी करतं. त्या लोकांनाही पालेभाजी बंद नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायला सांगतात इतकंच. स्टेंटनंतर दिल्या जाणाऱ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्यांचा 'के' जीवनसत्त्वाशी काही संबंध नाही. घरातल्या पाकिटावरचं नाव वाचून खात्री करा, आणि पालक, मेथी, कोबी जे मिळेल ते भरपूर घाला. गोळ्यांशी खरंच भांडणारं एक फळ आहे, ग्रेपफ्रूट. ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या काही स्टॅटिन गोळ्या त्याच्यामुळे रक्तात जास्त साठतात. तुमच्या घरी येत नसेल तर सोडून द्या.

लसणाबद्दल थोडक्यात. भाजीत घाला. अनशापोटी कच्चा खाऊन ब्लॉकेज उघडत नाही. ब्लॉकेज रक्तवाहिनीच्या पोकळीत अडकलेला गाळ नसतो, तो भिंतीच्या आत वर्षानुवर्षं साठलेला थर असतो. लसूण, लिंबू, व्हिनेगर काहीही तिथपर्यंत पोचून तो धुऊन काढत नाही. लसणाच्या कॅप्सूल तर घेऊच नका, रक्ताच्या गोळ्यांसोबत रक्तस्रावाची भीती असते. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही दुकानातून परस्पर नकोत. त्यांनी हृदयाचे झटके कमी होतात असं मोठ्या प्रयोगांत ठोस दिसलं नाही, उलट हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण किंचित वाढलं. मासे खात असाल तर बांगडा, तारली, सामन असे तेलकट मासे आठवड्यातून दोनदा ताटात घ्या, तळून नाही. शाकाहारी असाल तर जवस आणि अक्रोड.

आता एलडीएल आणखी खाली ओढायला ताटातून करण्यासारखी एक गोष्ट, जी यादीत कुठेच नाही : विरघळणारा चोथा. ओट्स, जव, वाल, राजमा, वाटाणे, सफरचंद, वांगं यांत तो असतो. आतड्यात तो पित्ताला धरून बाहेर नेतो. यकृताला नवं पित्त करायला कोलेस्टेरॉल लागतं, ते यकृत रक्तातून उचलतं. ओट्समधला बीटा-ग्लुकान नावाचा हा चोथा रोज ३ ग्रॅम गेला तर एलडीएल पाच टक्क्यांच्या आसपास उतरतं, आणि त्यासाठी ७०-८० ग्रॅम ओट्स लागतात, म्हणजे चांगला वाडगाभर. चव लावलेली, साखर घातलेली पाकिटं नकोत, साधे घ्या. ओट्सचा कंटाळा आला तर रोज एक वाटी कडधान्य खा. एकदम सुरू केलंत तर गॅस होईल आणि दोष मला लागेल, तेव्हा हळूहळू वाढवा.

एवढं झाल्यावर तुमच्या दोन स्वयंपाकांचा प्रश्न उरतच नाही. वर सांगितलेलं सगळं तुम्हाला, सासूबाईंना, मुलांनाही लागू आहे. एकच भाजी, एकच आमटी, सगळ्यांच्या ताटात. यजमानांची चिडचिड पाहता मला वाटतं की उकडलेल्या गाजरापेक्षा त्यांना वेगळं पाडल्याचा त्रास जास्त होत असेल. फिनलंडमध्ये नॉर्थ करेलिया नावाचा प्रांत आहे, १९७०च्या सुमाराला तिथे ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने पटापट जात होते. १९७२ साली तिथे जो प्रकल्प सुरू झाला, त्यात आजाऱ्यांना वेगळं जेवण दिलं नाही. घराघरांतल्या बायकांना एकत्र करून नेहमीचेच पदार्थ कमी लोण्यात, कमी मिठात, जास्त भाज्या घालून करायला शिकवलं आणि सिगारेट सोडायला लावली. पुढच्या चार दशकांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. सगळं श्रेय जेवणाला नाही, औषधोपचारही सुधारले होते. पण सुरुवात स्वयंपाकघरांपासूनच झाली होती, आणि ती घरातल्या सगळ्यांसाठी झाली होती.

एखाद्या दिवशी बाहेर खाल्लं, वाढदिवसाला केक खाल्ला, तर खाऊ द्या. महिन्यातल्या दोन जेवणांनी काही होत नाही. दारू घेत असतील तर "थोडी हृदयाला चांगली" हे जुनं समर्थन आता टिकलेलं नाही, जितकी कमी तितकं बरं. सहा ते आठ आठवड्यांनी उपाशीपोटी पुन्हा लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्सची तपासणी, करा, तेवढ्यात ट्रायग्लिसराइड्समध्ये फरक दिसायला हवा. नाही दिसला तर डॉक्टरांना सांगा, दुसरं कारण शोधावं लागेल.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. नाही ताई, तुमच्या स्वयंपाकामुळे नाही. रोजचं पाकीटभर सिगारेट आणि वडील चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेलेले, एवढी दोन कारणं माझ्यासमोर आहेत आणि दोन्ही तुमच्या गॅसवर शिजलेली नाहीत. तुम्हीही तेच जेवताय ना पंचवीस वर्षं? वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला तर डॉक्टर ते आनुवंशिक धोक्यात धरतात. काही घराण्यांत एलडीएल जन्मापासूनच चढं असतं, काहींत लायपोप्रोटीन-ए नावाचा घटक जास्त असतो, आणि तो तर जेवणाने जवळपास हलतही नाही. आयुष्यात एकदा ही तपासणी करून ठेवायची असते. यजमानांची झाली नसेल तर पुढच्या रक्तासोबत करून घ्या. आणि तुमच्या मुलांच्या बाबतीत आता आजोबा आणि वडील असे दोघेही झाले. ती वीस वर्षांची झाली असतील तर त्यांचंही लिपिड प्रोफाइल, लायपोप्रोटीन-ए आणि रक्तदाब याच महिन्यात तपासून घ्या. त्यांना काही होत नाहीये म्हणून थांबू नका, त्यांच्या वडिलांनाही तीन महिन्यांपूर्वीपर्यंत काही होत नव्हतं.